आज काय बिघडलं?

राहुरीला मी ज्या बाईंच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे, त्या रोज संध्याकाळी मी गेट उघडलं की ओट्यावरूनच विचारायच्या, "आज काय बिघडलं?"

पहिल्यांदा वाटलं, माझ्या तोंडाकडे बघून विचारताहेत. विद्यापीठाच्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत मी कंत्राटी नोकरीवर होते आणि तिथे रोज काही ना काही बिघडायचंच. ऐन वेळी वीज जायची, काटा रुसायचा, साहेब रुसायचे. मी आपली खरं खरं सांगायची. बाई मन लावून ऐकायच्या आणि म्हणायच्या, "बरं झालं." मला भयंकर राग यायचा. माझं दिवसभराचं काम मातीत गेलं आणि या समाधानाने मान हलवतात, हे काय वागणं झालं? खोली बदलावी असंही मनात येऊन गेलं होतं.

मग हळूहळू उलगडा झाला. बाईंचा एक ठाम समज होता. प्रत्येकाच्या वाट्याला रोज थोडा बिघाड येतोच. तो दुधात, भाकरीत, बसगाडीत निघून गेला तर माणूस सुखाने झोपतो. नाही निघाला तर साठत जातो आणि मग एक दिवस सगळाच्या सगळा घरात शिरतो. म्हणून कुणाचं काही किरकोळ बिनसलं की बाईंना त्याच्या वतीने हायसं वाटायचं.

उभा जन्म त्यांनी पहिली-दुसरीची पोरं शिकवण्यात घालवला होता. उंच, हडकुळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. आवाज अजून वर्गातलाच, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. रविवारी उपासना चुकायची नाही, बायबल तोंडपाठ. त्यामुळे त्यांच्या या समजुतीचा पाळकसाहेबांना फार त्रास व्हायचा. एकदा ते घरी आले असताना मी ऐकलं.

"बाई, देवबाप असा तराजू घेऊन बसलेला नाही हो. तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवा."

"त्याच्यावर आहेच की," बाई म्हणाल्या. "माझा भरवसा चांगल्या दिवसावर नाही."

पाळकसाहेबांनी चहाचा घोट घेतला. चहात साखर नव्हती. ती बाईंनी विसरून घातली नव्हती की ठरवून, हे त्यांना विचारवेना.

गॅसवर दूध ठेवलं की बाई खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या, मुद्दाम. फस्स आवाज आला की वळायच्या आणि फडकं घ्यायच्या. पहिली भाकरी तव्यावर करपू द्यायच्या. दिवस मावळायला आला आणि तरी काहीच बिघडलेलं नसलं, की त्यांची घालमेल सुरू व्हायची. ओट्यावरून आत, आतून परसात. शेवटी स्वयंपाकघरातून खळ्ळकन आवाज यायचा आणि घर शांत व्हायचं. त्यांच्या फळीवर एकाही कपाला धड कान नव्हता. पाहुण्यांना चहा फडक्यात धरून प्यावा लागायचा.

ईमेलचा नाद त्यांना भाच्याने लावला. त्याने पत्ता उघडून दिला आणि तो गेला पुण्याला. मग रोज चहा झाल्यावर बाई माझ्या लॅपटॉपसमोर येऊन बसायच्या. येणारे मेल म्हणजे मिक्सरच्या कंपनीचे, नाहीतर बँकेचे. मिक्सरचं झाकण चुकीचं आलं म्हणून त्यांनी तक्रार केली होती. त्यावर यंत्राने पाठवलेलं उत्तर आलं, 'आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' बाईंना भरून आलं. एकेक अक्षर शोधत त्यांनी उत्तर लिहिलं, "सप्रेम सलाम. माझी तक्रार आपल्याला महत्त्वाची वाटते हे वाचून बरं वाटलं. कामाच्या गडबडीत जेवणाची आबाळ करू नका."

मी सांगितलं, "बाई, या पत्त्यावर कुणी वाचत नाही. तिथे माणूसच नसतो."

"लिहिणाऱ्याला उत्तर दिलंच पाहिजे," बाई म्हणाल्या आणि पाठवून दिलं.

ते लगेच परत आलं. बाईंनी परत आलेलं पत्र डोळे भरून पाहिलं. "चला, आजचं झालं," म्हणाल्या आणि उठून चर्चच्या घंटेआधी भाजी फोडणीला टाकली. झाकण कधीच बदलून मिळालं नाही. बाई मिक्सरवर ताटली उपडी ठेवून, वरून हाताने दाबून चटणी वाटायच्या.

प्रवासात तर त्यांच्याबरोबर जाणं म्हणजे परीक्षाच. एकदा त्यांना डोळे दाखवायला नगरला न्यायचं होतं. स्टँडवर पोचतो तोच समोर गाडी लागली. रिकामी, धुतलेली, खिडकीच्या जागा मोकळ्या. मी चढून जागाही धरली. बाई खालीच.

कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "बसा ना आज्जी, सगळी गाडी रिकामी हाय!"

"म्हणूनच नको," बाई म्हणाल्या.

"म्हंजी?"

"दुसरी येईल तिच्यात येतो आम्ही."

"आवं, दुसरीत उभं ऱ्हावं लागंल!"

"चालेल," बाई म्हणाल्या. कंडक्टरने माझ्याकडे असं पाहिलं की यांना डोळ्यांच्या नाही, दुसऱ्या कुठल्या तरी डॉक्टरकडे न्या. मी गुपचूप खाली उतरले. दुसऱ्या गाडीत आम्ही नगरपर्यंत एका पायावर उभ्या होतो आणि बाई सगळ्या वाटेने प्रसन्न होत्या.

त्याच दिवशी परतताना, स्टँडवरच्या बाकावर बसून त्यांनी मला नवऱ्याचं सांगितलं. तेही मास्तरच होते. दोघं श्रीरामपूरला एका लग्नाला गेली होती. "त्या दिवशी काही म्हणता काही चुकलं नाही गं," बाई म्हणाल्या. "गाडी वेळेवर, बसायला जागा, जेवण गरम. घरी आलो तर नळाला पाणी, वीज सुरू. हे खुर्चीत बसले आणि म्हणाले, आजचा दिवस कसा बेस गेला! मी म्हटलं, हो ना. चहा ठेवायला आत गेले. चहा घेऊन आले तर मान कलंडलेली."

 बाईंनी पिशवीचे बंद उगाच सोडले आणि पुन्हा बांधले. "तेव्हापासून मला भीती वाटते," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांना वेडी म्हणायचं सोडलं. मनातल्या मनातसुद्धा.

आणि मग माझ्यावरच ती वेळ आली.

आमचं गाव भंडारदऱ्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. घरी आई आणि भाऊ. दिवाळीला गेले तेव्हा आईने चुलीपुढे बसूनच सहज सांगितलं, छातीत गाठ लागतेय. किती दिवस झाले विचारलं तर म्हणाली, "भात काढायचा व्हता, म्हून न्हाई सांगितलं." दवाखान्याची तारीख मिळून तिला नाशिकला नेईपर्यंत डिसेंबर उजाडला. डॉक्टरांनी सुईने नमुना काढला आणि रिपोर्ट मेलवर पाठवतो म्हणाले. गावात फोनला रेंज नाही, म्हणून माझाच पत्ता दिला आणि मी राहुरीला परतले.

तेव्हापासून माझं काही खरं नव्हतं. मातीचे नमुने तोलताना लक्ष फोनकडे. दर थोड्या वेळाने मेल उघडायचा. नको असलेल्या मेलचा डबाही उपसायचा, न जाणो तिथे जाऊन पडला असेल. आला की कुणी तरी मला विमा विकत असायचं. विम्याला शिव्या घालून मी पुन्हा माती तोलायची. दवाखान्यात फोन करावा तर एक मुलगी गोड आवाजात सांगायची, होईल, येईल. रात्री जेवण जायचं नाही. आईचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि तिच्याशिवायचं घर कसं दिसेल ते नको नको म्हणताना दिसायचं.

बाईंना मी सगळं सांगितलं होतं. त्या माझ्याहून जास्त घाबरल्या. संध्याकाळचा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज बदलला. "आज काय बिघडलं? नीट आठवून सांग." काही सांगण्यासारखं नसलं की कपाचा बळी जायचा. कप आता माझ्या नावाने फुटत होते.

नाताळ जवळ आला. आमच्याकडे दिवाळीला जे फराळाचं, तेच बाईंच्या मंडळीत नाताळाला. करंज्या, शंकरपाळ्या घरोघर व्हायच्या. पण उपासनेनंतर सगळ्यांना वाटायचे अनारसे बाईंचेच. ही एकच गोष्ट होती जी बाई कधी बिघडू देत नसत. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, सावलीत सुकवायचा, कुटायचा, गुळात मळून मुरत ठेवायचा. मग खसखशीवर थापून तुपात सोडायचा. पीठ जरा सैल झालं की अनारसा तुपात पसरून विरघळून जातो. बायका त्याला अनारसा हसला म्हणतात. बाईंचा अनारसा कधी हसला नव्हता. सगळ्या राहुरीत त्यांचं नाव होतं. दुसऱ्या गावाला दिलेल्या पोरी फोन करून विचारायच्या, यंदा बाई करणार आहेत ना?

तो नाताळाच्या अलीकडचा रविवार. सकाळी दूध उतू गेलं नाही. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या आणि गॅसच मंद झाला, सिलिंडर संपलेला. मी म्हटलं, चला, बिघडलं. तर तेवढ्यात सिलिंडरवाला दारात. न सांगता, रविवारी! पहिली भाकरी अशी टम्म फुगली की बाईंनी ती भीतीने उलटवली. वीज गेली नाही. नळाला भरपूर पाणी. दुपारी त्या अनारसे तळायला बसल्या तर पहिल्यालाच सुरेख जाळी पडली. दुसऱ्याला त्याहून सुरेख. बाईंनी झारा खाली ठेवला.

"काहीतरी सांग गं," त्या म्हणाल्या. "तुझं तरी काही बिनसलंय का आज?"

"नाही हो बाई."

"चप्पल तुटली? डोकं दुखतंय?"

"नाही."

बाईंनी फळीकडे पाहिलं. शिल्लक होते ते स्टीलचे पेले. तेवढ्यात माझा फोन वाजला, मेल आल्याचा तो छोटा आवाज. वर दवाखान्याचं नाव.

 मी तिथेच पाटावर बसले. उघडायला बोट पुढे केलं, तर बाई केवढ्याने ओरडल्या, "उघडू नको!"

त्यांचा तो आवाज मी पहिल्यांदा ऐकला. अख्खा वर्ग गप्प करणारा. माझं बोट तसंच राहिलं.

बाई उठल्या. दुधाचं पातेलं उचललं आणि सगळं दूध अनारशाच्या पिठात ओतलं. इतक्या दिवसांचं मुरलेलं पीठ, सगळ्या मंडळीचा फराळ. हाताने कालवलं. मग ते लगद्यासारखं पीठ घेऊन एक अनारसा तुपात सोडला. तो हसला. दुसरा सोडला. तोही हसला. बाई एकामागून एक सोडत राहिल्या. तुपात नुसता काळपट चुरा फिरत होता. झाऱ्याने तो काढून बाजूला टाकायचा आणि पुढचा सोडायचा. त्यांचे ओठ हलत होते, प्रार्थना असावी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. परात रिकामी झाली तसं आधीचे चांगले झालेलेही उचलून त्यांनी चुऱ्यात टाकले.

मग गॅस बंद करून म्हणाल्या, "आता उघड."

मी मातीची परीक्षा करणारी बाई. दूध पिठात ओतल्याने नाशिकच्या कागदावरचं अक्षर बदलत नाही, हे मला कळतं. पण खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं की आपण एकट्या नाही. मी मेल उघडला.

नमुना अपुरा होता. निदान करता येत नाही, पुन्हा घेऊन यावं. एवढंच लिहिलेलं. खाली, तसदीबद्दल दिलगिरी.

मी मोठ्याने वाचलं. बाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग त्या चुऱ्याच्या ढिगाकडे. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "आजचा बिघाड हा होता. वाटेत होता. मी उगाच घाई केली."

आणि मग आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता मला रडू कोसळलं. बाईंनी तुपकट हाताने मला जवळ घेतलं. माझ्या ओढणीवर तो डाग अजून आहे.

नाताळाला उपासना झाली आणि बाईंनी सगळ्यांपुढे दुकानातल्या खारीचे पुडे ठेवले. काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "हसले." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. माझ्यामागे कुणीतरी पुटपुटलं, "बाईंचा हात गेला आता. वय झालं." मी वळून काही बोलणार, तर बाईंनी पुढूनच डोळे वटारले. पण ते बोलणं मला फार लागलं. पुढच्या सालापासून अनारशांचं काम दुसऱ्या घरी गेलं. बाईंना कुणी विचारलंही नाही.

आईला मी पुन्हा नाशिकला नेलं. गाडीत ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिचं मन रमावं म्हणून मी तिला बाईंच्या गोष्टी सांगत सुटले. कप, मिक्सरवाल्याला सलाम, रिकामी गाडी. आई खुदखुदली. मग अनारशांचं सांगितलं, तसं तिचं हसू मावळलं.

"माह्यासाठी?" ती म्हणाली. "तिनं तर मला बघितलंबी न्हाई."

"नाही."

आई खिडकीबाहेर बघत बसली. 

दुसरा रिपोर्ट आला तेव्हा मी घरून राहुरीला परतत होते. कोल्हारच्या पुलाअलीकडे उसाची ट्रॉली उलटली होती आणि गाड्यांची रांग लागली होती. लोक उतरून ऊस खात उभे. मेल आला. बाई शेजारी नव्हत्या, थांब म्हणणारं कुणी नव्हतं. मी उघडला. एकदा वाचला, मग शेजारच्या आजोबांना फोन दाखवून पुन्हा मोठ्याने वाचला. त्यांना काय कळणार, पण ते "बरं, बरं" म्हणाले. गाठ साधी होती. घाबरण्याचं कारण नव्हतं.

बाईंना फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "आज काय बिघडलं?"

"ट्रॉली उलटलीय. कधीची अडकलेय. फोनची बॅटरीही संपतेय."

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मग?"

"गाठ साधी आहे बाई."

 पलीकडून एक हुंदका आला, आणि फोन बंद पडला.

पुढच्या नाताळाला आईला राहुरीला आणायचं ठरलं. शेतातला तांदूळ तिने माझ्याबरोबर आधीच पाठवला होता, "बाईला म्हनावं, याचे अनारसे कर. आपल्या तिघींपुरते." बाईंनी पायली मोजून घ्यावी तसे दोन्ही हात त्या तांदळात बुडवले. वास घेतला. "फार चांगला आहे गं हा," त्या म्हणाल्या आणि लगेच चिंतेत पडल्या.

आई आली तो दिवस नेमका कसा गेला म्हणून सांगू! गाडी वेळेवर, जागा खिडकीची, वाटेत कुठे खोळंबा नाही. घरी पोचतो तर सगळं हाताशी. बाईंनी आम्हां दोघींसमोर अनारसे तळले. एक हसला नाही. जाळी अशी की आरपार दिसावं. बाईंनी ताट आईपुढे ठेवलं आणि समोर बसल्या. स्वतः उचलेनात. त्यांची नजर आईच्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. मला कळत होतं त्यांना काय दिसतंय. एक खुर्ची आणि कलंडलेली मान. "आजचा दिवस कसा बेस गेला" असं कुणी म्हणू नये, म्हणून मीही तोंड मिटून बसले होते.

आईने अनारसा उचलला. मोडला. तोंडात टाकला. सावकाश चावला.

"गूळ कमी पडला ओ बाई," ती म्हणाली.

बाई पुढे सरकल्या. "काय?"

"गूळ. लई कमी पडलाय. आमच्याकडं याच्यापरीस गोड करत्यात. अन् खसखसबी जरा करपल्यागत लागतीय."

मी आईकडे पाहतच राहिले. कुणाच्या घरी जाऊन असं बोलणारी माझी आई नव्हे. पण बाईंचे खांदे खाली आले. वर्षभर कुठेतरी अडकून राहिलेला श्वास सुटला. "व्हय?" त्या म्हणाल्या. राहुरीतल्या त्या मास्तरीणबाईंच्या तोंडून मी 'व्हय' पहिल्यांदा ऐकलं. "बरं झालं. फार बरं झालं. घ्या, आणखी घ्या." आणि त्यांनी स्वतः एक उचलून खायला सुरुवात केली.

मीही एक तुकडा तोंडात टाकला. गूळ अगदी बेतशीर होता. खसखस कुठेही करपलेली नव्हती.

आई माझ्याकडे न बघता दुसरा अनारसा उचलत होती.